घातचौदशीचं जेवण

पितृपक्षात अमावस्येच्या आदल्या दिवशी जी चौदस येते, तिला आमच्याकडे घातचौदस म्हणतात. ज्यांना आपलं मरण आलं नाही, दुसऱ्याच कशाने तरी आणलं, त्यांची ही तिथी. आमचं गाव वडशापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. त्यामुळे घातचौदशीला गावात बऱ्याच घरी पितरांचा स्वयंपाक व्हायचा. कुणाला वाघाने नेलेलं असायचं, कुणी मोहफुलं वेचताना साप चावून गेलेला, कुणी वैनगंगेच्या पुरात वाहून गेलेला. शस्त्राने मेलेलेही याच दिवशीचे. ज्या कुणी ही तिथी ठरवली त्याने एक शहाणपणा केला होता. शस्त्र कुणाचं आणि ते कशासाठी उगारलं, हे त्याने विचारलं नव्हतं. ते मागाहून आम्हीच विचारू लागलो.

पितर बसवायची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मेलेला माणूस ज्या वयाचा, साधारण त्या वयाचा माणूस जेवायला बोलवायचा. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई, लेकरासाठी लेकरू. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, कपाळाला टिळा लावायचा. तेवढ्या जेवणापुरता तो तुमचा मेलेला माणूस. हाकही त्याच नात्याने मारायची. तो मागेल ते वाढायचं. शेवटी घरातल्या बाईने विचारायचं, "पोट भरलं का?" तो "भरलं" म्हणाला की पितर तृप्त झाला. मग घरची माणसं जेवणार. तोवर लहान पोरांनाही घास नाही. आमच्या गावात एक म्हातारा होता. पितृपक्षात तो इतक्या घरी पितर होऊन बसायचा की आम्ही पोरी त्याला बघून खिदळायचो, आणि भुकेने कळवळलो की मनातल्या मनात त्याला शिव्याही द्यायचो. तो "भरलं" म्हणायला फार वेळ लावायचा.

माझा थोरला भाऊ इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला मारला गेला. तो भरती कसा झाला, हे सांगायलाही मला आता लाज वाटत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवर धान घालून तो वडशाच्या बाजाराला गेला होता. तिथे भरतीवाले आले होते. धान विकलं, गाडी शेजाऱ्याबरोबर परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी येऊन म्हणाला, "मी पलटनीत जाऊन राह्यलो." का, तर रेल्वेत बसायला मिळतं. वडशाच्या स्टेशनावर धुराचं इंजिन बघत तो लहानपणी तासन् तास उभा राहायचा. आत बसायची पाळी कधी आली नव्हती. लढाई कोणाची कोणाशी चालली आहे हे त्याला धड सांगता येईना. जपान नावाचं काहीतरी आहे आणि ते इकडे येतंय, एवढं त्याने सांगितलं. जपान कुठे आहे असं मी विचारलं, तर त्याने नदीच्या पलीकडे हात केला. मी बरीच वर्षं जपान ब्रह्मपुरीच्या अलीकडेच समजत होते.

शेजारच्या घरातला मुलगा त्याच्याच वयाचा. त्याच्या आईला मी काकी म्हणायचे. दोन्ही घरांच्या सांदवाड्या, म्हणजे मागच्या भाजीच्या वाड्या, एकाच कुंपणाला लागून. ते दोघे त्या कुंपणातून इकडून तिकडे जात इतके वाढले की तिथे बेशरमीचं चिवट झुडूपही उगवत नव्हतं, वाटच पडली होती. काकीचा मुलगा ब्रह्मपुरीला शिकायला गेला. तिथून परत आला तो खादी घालून. बेचाळीसच्या चळवळीत तो मोर्चात पुढे होता आणि गोळी लागून मेला. तो मनापासून गेला होता, त्याला सगळं समजत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कुणी त्याला कमी लेखू नये.

म्हणजे एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोन पोरं गेली, तीही थोड्या अंतराने. एक इंग्रजांच्या विरुद्ध, एक इंग्रजांच्या बाजूने. दोघांनाही कारभारणी यायच्या होत्या.

स्वातंत्र्य आलं आणि काकीचा मुलगा हुतात्मा झाला. शाळेसमोर झेंडा लावायच्या दिवशी काकीला खुर्चीवर बसवायचे, गळ्यात हार, हातात नारळ. आमच्या गावात बाईमाणूस पुरुषांसमोर खुर्चीवर बसलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. काकी अंग चोरून बसायची. माझी माय सगळ्यांच्या मागे, चिंचेखाली उभी राहायची. दोन वर्षं गेली. मग जायची बंद झाली. घरी गोठ्यात काहीतरी काम काढायची.

मायच्या मुलाला काय म्हणायचं, हे गावाला ठरवता येत नव्हतं. तोंडावर कुणी काही बोलत नसे, आमचं गाव तसं वाईट नव्हतं. पण कुणी त्याचं नावही काढत नसे. 'इंग्रजाचा शिपाई' असं मागे म्हणत, ते आम्हाला ऐकू यायचं. त्यातून माय तो मेला आहे असं मानायलाच तयार नव्हती. लढाई संपली, वडशाच्या गाडीतून परतणारे परतले. पलीकडच्या गावचा एक जण त्याच्याच पलटणीत होता. त्याने बाबांना येऊन सांगितलं, की मी त्याला पडताना पाहिलं. मायने त्याला दूध दिलं, गूळ दिला, आणि तो गेल्यावर म्हणाली, "पडला म्हनते. पडलेला मानूस उठतही असन ना." त्यानंतर तिने तेरवी करू दिली नाही.

बाबांनी तेरवीचा आग्रह धरला नाही. कशाचाच धरला नाही. बाबा चळवळीतले. तुरुंगात गेले नव्हते, पण घरात चरखा होता, डोक्यावर टोपी होती, आणि ती टोपी रात्री खुंटीला अशी लावायचे जशी दुसऱ्या घरात देवाला माळ घालतात. काकीच्या मुलाला चळवळीचं पहिलं वेड लावलं ते बाबांनी. तो गोळीने मेल्यावर पंधरवडाही झाला नसेल, आणि माझा भाऊ रजेवर घरी आला. अंगात खाकी, पायात बूट. गावभर सुतक होतं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मायने पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. तो जेवायला बसला. भात कालवून खाऊ लागला. तेवढ्यात बाबा काकीच्या घरून आले. दारात उभे राहून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इंग्रजाची भाकर खानाऱ्याचं ताट या घरात नाई लागत."

माझा भाऊ अर्ध्या ताटावरून उठला. बाहेर येऊन हात धुतले. मला म्हणाला, "चाललो वं." वडशाची वाट धरली. मित्र मेल्याचं त्याला वेशीवर कुणीतरी सांगितलं म्हणतात. तो तिथे दगडावर बराच वेळ बसला होता, पण परत आला नाही.

जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं म्हणजे काय, हे मला कुणाला समजावून सांगायची गरज नाही. बाबांनाही नव्हती. त्या दिवसानंतर त्यांनी त्याचा विषय काढला नाही. लोकांना वाटायचं, मुलावरचा राग अजून गेला नाही. मलाही तेच वाटायचं. तेव्हा मी बाबांचा फार तिरस्कार केला.

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. माझं लग्न झालं होतं. सासर जवळच्याच गावात, त्यामुळे सणावाराला मी माहेरी असायचे. त्या वर्षी पोळ्याला गेले तर माय वांगी चिरताना मान वर न करता म्हणाली, "या साली त्याले पितरात मिळवून टाकू." मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी विचारलं, काय झालं माय? ती म्हणाली, "झालं काई नाई. उपाशी असन तो. जित्या मानसासाठी थांबलो, मेल्याले कोनी वाढलंच नाई."

इतकी वर्षं लागली तिला ते म्हणायला. आता एकच गोष्ट हवी होती. त्याच्या वयाचा कुणीतरी येऊन घरात जेवावं, आणि पोट भरलं म्हणावं.

तसा एक जण होता. आळीच्या टोकाला राहणारा, दोघांचाही लहानपणचा सोबती. माय स्वतः त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "येतो ना माय, त्यात काय विचारतं?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मायने मला सांगितलं. मला ते खरं वाटतं.

पण त्याच वर्षी गावाने ठरवलं होतं, की हुतात्म्याची घातचौदस गावपंगतीने करायची. चांद्याहून पुढारी येणार होते. काकीच्या अंगणात मांडव पडला. आम्ही सकाळी आंघोळ करून चूल पेटवली, तेव्हा तिकडे बुंदीचा घाणा निघत होता. इकडे मायने धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या, उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी, अंबाडीची भाजी, तांदळाची खीर. सगळं त्याच्या आवडीचं. अंबाडी बाबांना अजिबात खपत नसे, त्यामुळे आमच्याकडे ती फारशी होतच नसे. त्या दिवशी पातेलंभर केली.

पाट मांडला. पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सूर्य डोक्यावर आला. तो सोबती आला नाही.

मागाहून कळलं, की तो आमच्याकडे यायला निघालाही होता. मांडवात कुणीतरी हसत हसत त्याला अडवलं. हुतात्म्याच्या पंगतीत वाढायचं सोडून इंग्रजाच्या शिपायाचा पितर व्हायला निघालास का, असं काहीसं. आजूबाजूचे हसले. तो परत फिरला आणि वाढायला लागला. त्यानंतर कित्येक वर्षं तो आमच्या दारावरून जाताना झपाझप चालायचा. मला त्याचा फार राग आला होता. आता तेवढा येत नाही, पण येतो.

बाबा टोपी घालून बाहेर पडले. गावात फिरून आले. ज्या वयाचा माणूस हवा होता, त्या वयाचे सगळे मांडवात होते. कुणी वाढत होतं, कुणी जेवत होतं, कुणी पुढाऱ्याच्या मागे उभं होतं. बाबांनी मांडवात जाऊन कुणाला हाक मारली की नाही, मला माहीत नाही. ते परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. तिकडे भाषण चालू झालं. भोंगा नव्हता, पण त्या पुढाऱ्याला त्याची गरज नव्हती. "या मातेच्या पोटी असा पुत्र जन्मला, ही माता धन्य आहे," हे आमच्या चुलीपर्यंत स्पष्ट येत होतं. माय निखारे विझू नयेत म्हणून फुंकत होती. दुपार कलली की पितराचा घास लागत नाही. तिचं लक्ष सारखं अंगणातल्या सावलीकडे होतं.

तेवढ्यात सांदवाडीकडून काकी आली. गळ्यात हार तसाच होता. कुंपणातून येताना त्याची झेंडूची फुलं सांडली असावीत, निम्मा दोराच दिसत होता. तिने पाटाकडे पाहिलं.

"वहिनी, बसला नाई का कोनी?"

माय म्हणाली, "नाई."

"मी माह्या लहान्याले पाठवत होतो. त्याले त्याहीनं वरतं बसवलं, पुढाऱ्याच्या बाजूले. उठू देऊन नाई राह्यले."

माय फुंकणी खाली ठेवून तिच्याकडे वळली. मी मायला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही ती मोठ्याने बोलली नाही. "तुह्यं बरं हाय बाई. तुहा पोरगा कायच्यासाठी मेला ते समदा गाव सांगते. माह्याचं मले इचारलं तर मी काय सांगू? रेल्वेत बसाले गेलता, असं सांगू?"

काकी खाली बसली. दोन्ही पाय पसरून, जशा आमच्या बायका धानाच्या रोवणीवरून आल्यावर बसतात. "मले सकाळपासून सांगून राह्यले, देशासाठी मेला, देशासाठी मेला," ती म्हणाली. "दरसाल सांगतात. मंग मी काय म्हनू त्याहीले? त्या दिवशी मी दाराले भायेरून कडी लावलती, वहिनी. तो कवेलू सरकवून छपरावरून गेला. मी खालून वरडत होतो. त्यानं पाह्यलं माह्याकडं. पाह्यलं अन् गेला. मले अजून राग येते त्याचा. कोनाले सांगू? हार घातलेल्या बाईनं असं बोलावं का?"

माय सरकून तिच्याजवळ बसली.

"तुले रडू देत नाईत, अन् मले भांडू देत नाईत," काकी म्हणाली. "बुंदी करून राह्यले तिकडं. त्याले बुंदी खाल्ली का ठसका लागे. कोनाले ठावं हाय का हे? तू निदान खीर तरी केली पोरासाठी."

पुढे आयुष्यात मी पुष्कळ लढाया रेडिओवर ऐकल्या. अमकी लढाई न्यायाची, तमकी अन्यायाची, यावर लोक वाद घालतात. घालावा, मीही घालते. आणि मी असंही म्हणणार नाही की दोन्ही सारख्याच. काकीचा मुलगा ज्यासाठी गेला ते मोठं होतं, आणि माझा भाऊ इंजिनाच्या धुरामागे गेला. पण त्या दिवशी चुलीसमोर बसलेल्या दोन बायकांकडे बघून मला एवढं कळलं, की कारण मोठं असलं म्हणून आईचं दुःख हलकं होत नाही. कारणाने फक्त हे ठरतं, की कुणी कुठे बसायचं, कुणी गप्प राहायचं, आणि कुणाला काय बोलायची चोरी. मला तेव्हा ते इतकं अन्यायाचं वाटलं की उठून मांडवात जावं आणि त्या पुढाऱ्याचं भाषण बंद पाडावं असं वाटलं. मी गेले नाही. सासुरवाशीण होते, पोटुशी होते, आणि तसंही कुणी ऐकलं नसतं.

बाबा कधी ओट्यावरून उठून दारात आले होते ते आम्हाला कळलंच नाही. त्यांनी काकीचं बोलणं ऐकलं होतं. ते आत आले, टोपी काढली. खुंटीला न लावता तशीच कोनाड्यात टाकली. मोरीवर जाऊन स्वतःच पाय धुतले आणि पाटावर येऊन बसले.

माय घाबरली. "अजी, तुमी नाई बसू. बापानं पोराचा पितर होऊ नाई."

बाबा म्हणाले, "वाढ."

"लोक काय म्हनतीन?"

"वाढ तू."

काकी उठली होती ती भिंतीला टेकून उभी राहिली. मायने माझ्याकडे पाहिलं. अंगणातली सावली ओट्याच्या कडेपर्यंत आली होती. मग मायने ताम्हण घेतलं आणि बाबांचे धुतलेले पाय पुन्हा धुतले. कपाळाला टिळा लावला. निखाऱ्यावर पितराच्या नावाने तूप-भात टाकला. ताट वाढलं आणि रीतीप्रमाणे, मुलाला हाक मारायची तशी हाक मारली.

"खाय बापू."

बाबांची मान खाली गेली. ते जेवू लागले. अंबाडीची भाजी खाल्ली. पुन्हा मागितली. वडे खाल्ले, वड्या खाल्ल्या, खीर खाल्ली. बाबांचं जेवण मुळात चिमणीएवढं, पण त्या दिवशी ते ताटातलं संपवत गेले, आणि माय वाढत गेली. तिकडे पंगत उठली असावी, घोषणा ऐकू आल्या, मग त्याही थांबल्या. ती वाढताना 'बापू, अजून घे' म्हणत होती, 'बापू, हे तुह्या आवडीचं' म्हणत होती. आणि मला एकाएकी जाणवलं की ती आता रीत म्हणून बोलत नाही. तिला खरंच कुणीतरी समोर बसलेलं दिसत होतं. मी पदर तोंडात कोंबला.

शेवटी तिने विचारलं, "पोट भरलं का बापू?"

बाबांनी रिकामं ताट पुढे सरकवलं. तिने पुन्हा विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले.

मायने खिरीचं पातेलं ओढलं. वाढलं. बाबांनी ते खाल्लं. तिने विचारलं. बाबांनी मान हलवली. भात वाढला, तो खाल्ला. घासागणिक ते पाण्याचा घोट घेत होते, हे आम्हा तिघींना दिसत होतं. डोळ्यांतून पाणी दाढीवर येत होतं, आणि ते खात होते. काकी पुढे येऊन म्हणाली, "भाऊ, म्हना ना भरलं. म्हनून टाका." बाबांनी तिच्याकडे पाहिलं देखील नाही.

"पोट भरलं का, बापू?"

"नाई भरलं."

मायने पातेल्यात हात घालून तळाशी चिकटलेलं होतं नव्हतं तेवढं खरवडून ताटात घातलं. मग ते रिकामं पातेलं बाबांना आतलं दिसेल असं आडवं धरलं.

"आता काई नाई राह्यलं बापू," ती म्हणाली.